भरवसा आणि पहारा

भिशीचा डबा कोणाकडे ठेवावयाचा, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेला आहे. “अमक्या वहिनींकडे ठेवा, त्यांच्यावर माझा भरवसा आहे,” असे एक जण म्हणते. लगेच दुसरी म्हणते, “भरवसा माझाही आहे, पण वही दर महिन्याला सर्वांसमोर वाचायची.” वहिनींना ते बोलणे थोडे लागते. भरवसा असेल तर पहारा कशाला, आणि पहारा ठेवायचा तर भरवसा तो कसला, असे त्यांच्या मनात येते. हा प्रश्न दिसायला घरगुती आहे. परंतु पाण्याचे पाट, सावकाराची वही, सहकारी पेढ्या, साखर कारखाने, दुष्काळी कामे आणि आजचे बचत गट, या सर्वांच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. जेथे त्याचे उत्तर चुकले तेथे चांगली चांगली कामे धुळीस मिळाली. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने या इतिहासाकडे थोडी नजर टाकावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या जुन्या गावगाड्यापासून आरंभ करू. त्या काळी गावात सर्व भरवशावर चाले, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. गावचा कारभार पाटील पाहत असे. परंतु दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे. परगण्याचा अधिकारी देशमुख. परंतु हिशेबाला शेजारी देशपांडे. एकाने सत्ता चालवावी आणि दुसऱ्याने लिहून ठेवावे, अशी ही जोडी होती. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा निघाला म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करीत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचीही खूण कागदावर येई, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘पंचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्या व्यवहारातूनच रूढ झाली असावी.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावच्या शिवेची खडान्‌खडा माहिती महाराला असे आणि हद्दीच्या तंट्यात त्याचा शब्द मोलाचा मानला जाई. तथापि त्याच माणसाचे घर वेशीबाहेर होते. पहारा त्याचा आणि मान दुसऱ्याचा. बायकांना तर त्या सभेत फारसे स्थानच नव्हते. ज्याच्यावर राखणीचे ओझे टाकावयाचे त्याला निर्णयात वाटा द्यावयाचा नाही, हा दोष तेव्हापासूनचा आहे आणि पुढेही तो आपल्याला भेटणार आहे.

बीड शहराजवळची खजाना विहीर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकात ती बांधली गेली आणि जमिनीखालून नळ काढून तिचे पाणी शेतांकडे नेले गेले. परगावचे पाहुणे आले म्हणजे आपण ती कौतुकाने दाखवितो. परंतु विहीर बांधण्यास सरदार आणि कारागीर पुरतात. पाणी वाटून घेण्यास शेजारी लागतात. हे वाटून घेणे किती कठीण आहे आणि ते कसे साधते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत सुंदर उदाहरण खानदेश-नाशिकच्या फड पद्धतीत सापडते.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावकऱ्यांनी लहान लहान बंधारे घातले आणि काही शतके ते सांभाळले. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असत. त्यांना फड म्हणत. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यावयाचे, हा नियम. एका फडात ऊस, दुसऱ्यात खरीप, तिसऱ्यात रब्बी, अशी पाळी असे. बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे यंदा कोणता फड भिजवावयाचा, या प्रश्नात सर्वांचेच हित गुंतलेले राही. कालव्यावर पाटकरी असे. शेतात पाणी फिरविण्याचे काम बारेकऱ्याचे; शेतकऱ्याने आपल्या हाताने बारे मोडून पाणी घ्यावयाचे नाही. पिकाची राखण जागल्या करी आणि या सर्वांवर हवालदार देखरेख ठेवी. त्यांचा मोबदला शेतकरीच देत, तोही बहुधा धान्याच्या रूपाने.

या व्यवस्थेतील शहाणपण पाहा. सबंध फडात एकच पीक असल्यामुळे कोणाच्या वाफ्यात जास्त पाणी गेले हे नुसत्या डोळ्यांनी कळे. चोरी करणे अवघड आणि ओळखणे सोपे. शिवाय राखण करणारा माणूस सरकारचा नसून गावचा. पीक बुडाले तर त्याचे धान्यही बुडणार. म्हणून तो झोपत नसे. ‘कुंपणच शेत खाते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे कुंपणाचे पोटच शेतावर अवलंबून ठेवलेले होते. शेजाऱ्यावर तेथल्या शेतकऱ्याचा भरवसा होता, कारण शेजाऱ्याची फसवेगिरी लपून राहणार नाही हे त्याला ठाऊक होते. पहाऱ्यामुळे भरवसा कमी झाला नाही, उलट तो पहाऱ्याच्या आधारानेच वाढला.

याच्या उलट चित्र एकोणिसाव्या शतकातील सावकारीत दिसते. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही, वही सावकाराच्या घरी, आणि न्यायालयात मात्र कागद बोले. शेतकऱ्यावर नजर ठेवण्याची सर्व साधने सावकाराकडे. सावकारावर नजर ठेवण्याचे एकही साधन शेतकऱ्याकडे नाही. याचा स्फोट १८७५ साली झाला. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी सुरुवात झाली आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत लोक सावकाराच्या दारात गेले. बहुतेक ठिकाणी त्यांनी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. त्यांनी कर्जरोखे मागितले आणि ते जाळले. त्यांचा राग कशावर होता हे यावरून स्पष्ट होते. जी वही आपल्याला वाचता येत नाही तिच्यावर त्यांचा राग होता.

पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब मागितल्यास द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. कायद्याने सावकारी संपली नाही. परंतु हिशेब पाहण्याचा हक्क कर्ज घेणाऱ्यालाही आहे, ही गोष्ट प्रथमच कागदावर आली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून हा कायदा शिवेपलीकडेच राहिला.

याच सुमारास युरोपात सहकाराचे दोन प्रवाह वाहत होते. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी १८४४ साली २८ कारागिरांनी एक लहानसे दुकान काढले. शुद्ध माल, पुरते वजन आणि वेळच्या वेळी सभासदांसमोर हिशेब, हे त्यांचे भांडवल. जर्मनीत रायफायझेन या गृहस्थाने खेड्यातील शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या. पेढीचे क्षेत्र लहान ठेवावयाचे, शक्यतो एका गावाएवढे. आणि पेढी बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या सर्वस्वानिशी जबाबदार. हा नियम ऐकून भीती वाटते. परंतु त्यामागचे गणित सरळ आहे. शेजाऱ्याने कर्ज घेऊन बैल आणला की लग्नात उधळले, हे पाहण्याची गरज मग प्रत्येकाला वाटे. आणि गाव लहान असल्यामुळे ते पाहता येई.

हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला तो याच धर्तीवर. हैदराबाद संस्थानातही १९१४ साली तसा कायदा आला. तथापि रायफायझेनची पेढी गावाने काढलेली होती आणि आपल्याकडील पुष्कळशा पेढ्या वरून आलेल्या. रजिस्ट्रारसाहेब शहरात, तपासनीस वर्षातून एकदा येणार, आणि गावात पेढीचा कारभार बहुधा त्याच दोन-चार घरांकडे, ज्यांच्याविरुद्ध बोलण्याची कोणाची छाती नाही. परिणाम काय झाला ते स्वातंत्र्यानंतर कळले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. गोरवाला समितीने १९५४ साली तिचा अहवाल दिला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी पेढ्यांकडून येणारा भाग अवघा ३.१ टक्के निघाला. पन्नास वर्षांच्या चळवळीचे हे फळ! तथापि समितीने सहकार सोडून द्या असे म्हटले नाही. तो यशस्वी केलाच पाहिजे, असाच तिचा आग्रह होता.

तो यशस्वी होऊ शकतो हे आपल्या शेजारच्या जिल्ह्याने दाखविले. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले; अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गावोगाव फिरून भाग जमविणारा माणूस शेतकऱ्यांच्या ओळखीचा होता आणि हिशेब समजणारा माणूस बाहेरचा, निःस्पृह आणि जाणता होता. ओळखीचा भरवसा आणि जाणत्याची तपासणी यांची ही जोडी होती. पुढे कारखाने वाढले, सभासद हजारोंनी वाढले, आणि उसाच्या गाडीचे वजन बरोबर होते की नाही हा वाद सुरू झाला. काटामारीची तक्रार शेतकरी संघटना आजतागायत करीत आल्या आहेत. ज्या काट्यावर स्वतःची मालकी आहे त्याच काट्याविषयी मालकाला शंका वाटावी, यातच मालक आणि कारभारी यांच्यात पडलेले अंतर दिसते.

हे अंतर किती महाग पडते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पतसंस्थांचे आणि बहुराज्यीय संस्थांचे दरवाजे एकाएकी बंद झाले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, निवृत्तीनंतर मिळालेले, दागिने मोडून ठेवलेले पैसे अडकले. ठेव ठेवताना लोकांनी काय पाहिले होते? कार्यालय झकपक आहे, व्याज इतरांपेक्षा जास्त आहे, आणि संस्थेत काम करणारा मुलगा आपल्या गल्लीतला आहे. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत घातक. गल्लीतल्या मुलावरचा भरवसा खरा होता, परंतु पैसे त्या मुलाच्या हाती नव्हतेच. ओळखीच्या माणसावरचा भरवसा अनोळखी माणसाच्या तिजोरीत जाऊन पडला. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण अशा वेळी हसू आणत नाही.

येथे एक गोष्ट प्रत्येक भगिनीने लक्षात ठेवावी. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. सहकारी पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर ‘बँक’ शब्द आहे की ‘पतसंस्था’, हे वाचणे म्हणजे अविश्वास नव्हे. आणि बहुराज्यीय संस्थेचा निबंधक तर दिल्लीत बसतो. तेथून आपल्या तालुक्यातील शाखेवर देखरेख ठेवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

देखरेख दुरून होत नाही आणि जवळच्यांनी केली तर होते, याचा पुरावा दुष्काळी कामांच्या इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बाया खडी फोडावयास आणि तलावाची माती वाहावयास हजारोंनी गेल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, ही हमी कायद्याने देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. योजनेने कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. परंतु हजेरीपट भरणारा एक आणि घाम गाळणारी दुसरी, अशी स्थिती असल्याने खोट्या नावांची कीडही लागली. कागद सरकारी कपाटात राहिला तोवर ती कीड कोणाला दिसली नाही.

त्यावर उपाय राजस्थानातील मजुरांनी शोधला. अरुणा रॉय आणि त्यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी जनसुनावणी भरविली आणि सरकारी कामांचे हजेरीपट भर सभेत वाचून दाखविले. जे कधी कामावर गेलेच नाहीत त्यांची नावे यादीत निघाली. ते ओळखण्यास कोणी हिशेबतपासनीस लागला नाही, शेजारी बसलेल्या बाईने ओळखले. पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ याच मागणीतून वाढली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली, राज्याचा कायदा आणि नंतर २००५ साली देशाचा कायदा झाला. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद झाली. महजर वाचून दाखविण्याची जुनी रीत नव्या रूपाने परत आली, आणि या वेळी सभेत बायकाही होत्या.

आता ज्या विषयाशिवाय बीड जिल्ह्यातील हा लेख पुरा होणार नाही त्याकडे वळू. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याचा अर्धा कोयता. मुकादम आधी उचल देतो आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फेडावयाची. एक दिवस काम चुकले की खाडा आणि खाड्याचा दंड. कोण किती वाजता फडात आले, कोणी खाडा केला, यावर नजर अत्यंत कडक. उलट दिशेने मात्र काही नाही. टनाचा हिशेब, वजनाची पावती, उचलीतील बाकी, यांची वही मुकादमाकडे. पगाराची नोंद कोयत्याच्या नावाने, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या. कापलेल्या उसातली अर्धी मोळी जिच्या हातची तिचे नाव कोठेच नाही.

न्यायाने सांगावयाचे तर मुकादमालाही धास्ती असते. तो स्वतः कर्जाऊ पैसे आणतो, आणि उचल घेतलेली टोळी आलीच नाही तर तो बुडतो. सारांश, दोन्ही बाजूंना एकमेकांचा भरवसा नाही; म्हणून एक बाजू पैशाने बांधून ठेवते आणि दुसरी शरीराने भरते. किती भरते, हे २०१९ साली समजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती होती, आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागची कारणे अनेक होती. परंतु दुखण्यासाठी एक दिवस घेतला तर खाडा पडतो, ही धास्ती त्या कारणांत होती. जो पहारा एकाच दिशेने चालतो तो किती खोल जखम करू शकतो, याचे याहून दुःखद उदाहरण मला ठाऊक नाही.

नुसता दंड लावल्याने सहकार्य वाढत नाही, हे दूरच्या एका लहान प्रयोगानेही दाखविले. इस्राएलमधील हैफा शहरात १९९८ साली १० पाळणाघरांची पाहणी झाली. संध्याकाळी मुलांना न्यायला काही आईबाप उशीर करीत. म्हणून त्यांतील ६ पाळणाघरांनी उशिराला दंड ठरविला. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला! पूर्वी बाई खोळंबली म्हणून आईला संकोच वाटे. आता पैसे दिले की झाले. पुढे दंड काढून टाकला, तरी गेलेला संकोच परत आला नाही. ज्या मंडळांत सभेला उशिरा येणाऱ्या सभासदांना दंड लावण्याची सूचना निघते, तेथे ही हकीकत जरूर सांगावी.

शेजारणींनी एकमेकींवर ठेवलेला पहाराही बिघडू शकतो. बांगलादेशात १९७६ साली महंमद युनूस यांनी आरंभिलेल्या कामातून ग्रामीण बँक झाली आणि पाच-पाच स्त्रियांचे गट तारणावाचून कर्ज फेडू लागले. सबंध जगाने त्याचे कौतुक केले. पण तीच रीत नफेखोर कंपन्यांनी उचलली. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघींना तिच्या दारात बसवू लागले. आंध्र प्रदेशात २०१० साली आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. गट तोच, शेजारणी त्याच. परंतु पैसा त्यांचा नव्हता, नियम त्यांनी केलेले नव्हते, आणि अडचणीत सापडलेल्या बाईला मुदत द्यावयाची की नाही हे ठरविण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. त्यामुळे मैत्रिणीच्या वसुलीदार झाल्या.

याच्या शेजारी आपल्या महाराष्ट्रातील एक उजळ चित्र ठेवू. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका चाळीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटावयास बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या सात जणींच्या कामातून लिज्जत पापडाचा उद्योग उभा राहिला आणि हजारो बहिणींना त्यात काम मिळाले. तेथील पद्धत पाहण्यासारखी आहे. मळलेले पीठ घरी न्यावयाचे, पापड लाटून परत आणावयाचे, ते तेथेच तपासले जाणार आणि लाटणावळ हातावर मिळणार. घर स्वच्छ आहे की नाही हे पाहावयास बाई येते. परंतु ती बाईही पापड लाटणाऱ्यांतूनच वर आलेली असते, आणि नफा-तोट्यात सर्वांचा वाटा असतो. उद्या तपासणारी आणि आज लाटणारी यांत जात नाही, पदवी नाही, अंतर नाही. म्हणून तपासणीचा अपमान वाटत नाही.

आपले बचत गटही याच वाटेचे आहेत. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडून प्रयोग सुरू केला. आज देशात असे लाखो गट आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब, अशी त्यांची पंचसूत्री. या पाचांत ‘एकमेकींवर विश्वास ठेवा’ असे सूत्र नाही. कारण विश्वास आज्ञेने येत नाही. चार महिने बैठक वेळेवर झाली, वही वाचली गेली, हप्ते आले, आणि एकीला अडचणीत सर्वांनी मिळून मुदत दिली, म्हणजे तो आपोआप येतो.

एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषीने जगभर फिरून हेच पाहिले. स्वित्झर्लंडची कुरणे, फिलिपीन्सचे पाट, नेपाळचे कालवे, आणि स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाणी न्यायालय, जे दर गुरुवारी देवळाच्या दारात उघड्यावर भरते. अशा शेकडो उदाहरणांवरून त्यांनी टिकाऊ सहकार्याची लक्षणे १९९० साली ग्रंथरूपाने मांडली आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. देखरेख करणारे त्याच लोकांतले असावेत किंवा त्यांना जबाबदार असावेत. पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा आणि वारंवार चुकणाऱ्याला कडक. नियम करण्यात सर्वांचा वाटा. आणि तंटा जागच्या जागी मिटावा. आपल्या फडाच्या पंचांना यात नवे काही वाटले नसते.

बीड जिल्ह्याला या धड्याची निकड पाण्यासाठी फार आहे. २०१६ साली, ज्या वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा वरुड, कोरेगाव आणि आपले अंबाजोगाई या तीन तालुक्यांत झाली. गावेच्या गावे कुदळ-फावडी घेऊन डोंगरावर गेली. श्रमदानाला कोण आले आणि कोण नाही हे सर्वांना दिसत होते, झालेले काम मोजले जात होते. सहकार्याला चांगलाच जोर आला. परंतु चर खणणे उघड्यावरचे काम आहे. मुरलेले पाणी जमिनीखाली असते, आणि बोअरवेल किती खोल गेली, रात्री मोटर किती तास चालली, हे शेजाऱ्याला दिसत नाही. श्रम सर्वांचे आणि पाणी ज्याची बोअर खोल त्याचे, असे झाले तर पुढल्या वर्षी श्रमदानाला कोण येईल?

आपल्या शिवेपलीकडे हिवरे बाजारने याला उत्तर दिले आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास काम सुरू झाले. गावाने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, हे गावातच मोजावयाचे. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडावयाचा. आणि त्यावरून यंदा कोणती पिके घ्यावयाची ते ठरवावयाचे. जे पाणी डोळ्यांना दिसत नव्हते ते त्यांनी आकड्यांनी सर्वांना दाखविले. फड पद्धतीत एक पीक लावून जे साधले, तेच येथे पाऊस मोजून साधले. गाव करील ते राव काय करील, या म्हणीचा अर्थ हाच.

भगिनींनो, एवढ्या लांबच्या प्रवासातून आपल्या मंडळासाठी काय घ्यावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, हिशेबाची वही सर्वांना समजेल अशा भाषेत असावी आणि ती वाचून दाखविली जावी. जिला वाचता येत नाही तिला ऐकता येते. दुसरी, तपासणीचे काम आळीपाळीने सर्वांकडे जावे, म्हणजे तपासणारी कोणी वरची आणि बाकीच्या खालच्या असे होणार नाही. तिसरी, जिची अडचण खरी आहे तिला सांभाळून घेण्याचा अधिकार मंडळाने आपल्याच हाती ठेवावा. ज्या वहिनींकडे डबा असेल त्यांनीच पुढे होऊन “आधी वही पाहा” असे म्हणावे. त्यात त्यांचा कमीपणा नाही. उघडी वही ही प्रामाणिक बाईची ढाल आहे. उद्या कोणी शंका घेतली तर तिच्या बाजूने बोलणारे पहिले साक्षीदार तीच पाने होत.

आणि मंडळाच्या दाराबाहेरही एक काम आहे. पुढल्या हंगामात आपल्या गल्लीतील, आपल्या ओळखीची एखादी बाई ऊसतोडीला निघेल तेव्हा तिची उचल किती, दर किती, बाकी किती, हे एका लहान वहीत लिहून द्यावयास आपल्यातील एखादीने बसावे. हंगाम संपून ती परत आली म्हणजे तीच वही पुन्हा उघडावी. त्या वहीवर नाव नवऱ्याचे न घालता तिचे घालावे. दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा एक कागद तिच्या हाती असला, म्हणजे निदान हिशेबापुरती तरी ती एकटी पडणार नाही.